काटी बाहेरून लावलेली होती

“उभी राहा,” सर म्हणाले. मी उभी राहिले.

“अशी नाही. वर्गाकडे तोंड कर. सगळ्यांना दिसू दे.”

मी वळले. कर्जतच्या कॉलेजातला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा मराठीचा वर्ग. समोर बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या मुली, खालच्या गावांतल्या शेतकऱ्यांची मुलं, कुणी नेरळचं, कुणी खोपोलीचं. सरांनी माझ्याकडे हात केला. म्हणाले, “कथेतली ती स्त्री कशी असेल, असं मघाशी कुणीतरी विचारलं ना? ही बघा. हिचे पाय बघा. हिचं गप्प राहणं बघा. आपल्या वर्गात प्रतीक चालत आलंय.”

वर्ग हसला. कुणी खिदळलं नाही. कौतुकाने हसले, आणि तेच जास्त लागलं. शिवी दिली असती तर मलाही शिवी देता आली असती. कौतुकाला काय उत्तर देणार? सगळ्यांचे डोळे माझ्या पायांवर. टाचांना भेगा होत्या, भाताची लावणी केलेल्या पायांना असतात तशा. मी एक पाय दुसऱ्यामागे लपवायला गेले, तोल गेला आणि बाक धरला.

मग सर पुढे शिकवायला लागले. मला ‘बस’ म्हणायचं विसरले. तास संपेपर्यंत मी तशीच उभी. आपणहून बसावं हे सुचलंसुद्धा नाही. उभं ज्यांनी केलं त्यांनीच बसवायचं, हे आश्रमशाळेपासून अंगात मुरलेलं.

कशावरून झालं हे, ते सांगते.

आम्हाला एक जुनी कथा नेमलेली होती. लाकडाच्या ठेकेदाराचा तरुण कारकून डोंगरात येतो. वाडीवरच्या एका बाईशी त्याचं जमतं. पावसाच्या तोंडावर तो शहरात जातो, परत येईन म्हणतो. ती पाऊसभर वाट बघते. दिवाळी उलटल्यावर तो येतो. तिन्हीसांजेला तिच्या झोपडीपाशी पोचतो, तर दाराला काटी. काटी म्हणजे बोरीची काटेरी फांदी. आमच्या वाड्यांवर कुलपं आत्ता आत्ता आली. घर सोडून कामाला जायचं तर दारात काटी आडवी लावायची, ही जुनी रीत. तर तो कारकून काटीला हात लावतो, बोटात काटा रुततो, रक्ताचा थेंब येतो. बराच वेळ तिथे उभा राहतो आणि डोंगर उतरून जातो. कथा संपली.

सर म्हणाले, काटी म्हणजे तिचं मिटलेलं मन. काटी म्हणजे जंगलाची जखम. ती आत अंधारात बसली आहे, त्याची पावलं ऐकते आहे, पण उठत नाही. सगळे भराभर लिहून घेत होते.

मी हात वर केला. कॉलेजात आल्यापासून पहिल्यांदाच.

“सर, ती आत कशी असेल? काटी बाहेरून लावलेली आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ती घर सोडून गेली. आधी तिची बहीण येऊन म्हणते ना, पाऊस उघडला की चल आमच्याबरोबर कामाला, इथं कुणासाठी बसलीस? ती आतच बसलेली असेल तर बहिणीचं ते बोलणं लेखकाने कशाला घातलं?”

सर प्रेमाने हसले. “किती निरागस! अगं, बकऱ्या शिरू नयेत म्हणून लावलेली काटी तुझ्या वाडीत. कथेत काटी म्हणजे काटी नसते.”

आणि म्हणाले, उभी राहा.

प्रतीक मला कळत नव्हतं असं नाही. काटीला अर्थ असेल. दहा अर्थ असतील. पण आधी ती कुणी लावली आणि लावून ती बाई कुठे गेली, एवढं तरी बघाल की नाही? सरांच्या अर्थात ती बाई काहीच करत नाही. बसते आणि दुखते. येतो तो, जातो तो, उमज पडते त्याला, रक्तसुद्धा त्याचंच. माझ्या वाचण्यात तिने एक गोष्ट केलेली होती. वाट बघून कंटाळली, उठली, काटी लावली आणि बहिणीबरोबर चालती झाली. अख्ख्या कथेत तिने आपल्या मनाने केलेली तेवढीच गोष्ट. तीसुद्धा सरांनी काढून घेतली आणि वर्गाने वहीत उतरवून घेतली. त्या दिवशी हे मला असं नीट मांडता आलं नसतं.

सर वाईट होते का? तसं मुळीच नव्हतं, आणि फास तिथेच होता. सर मला पुस्तकं द्यायचे. घरी गेले तर सरांच्या पत्नी चहा करायच्या, बशीत बिस्किटं ठेवायच्या. आणि मुंबई. मला एम.ए.ला मुंबईला जायचं होतं. भिवपुरीच्या वरच्या अंगाला आमची ठाकर आदिवासींची वाडी. तिथली एकही मुलगी मुंबईला शिकायला गेलेली नाही. कामाला गेल्यात, शिकायला नाही. राहायची सोय वसतिगृहात झाली तरच जमणार होतं, आणि तिथल्या मुख्य बाई सरांच्या ओळखीच्या. “मी बोलतो,” सर म्हणाले होते. ते मी आईला सांगितलं, आईने वाडीभर सांगितलं. तेव्हापासून माझी मान सरांच्या हातात.

कॉलेजात पाहुणे आले की गुच्छ द्यायला मी. “ही आमची वनकन्या.” फोटोत मला मधे घ्यायचे. वर्गातल्या मुली म्हणायच्या, “तुझं बरं आहे गं, सरांची लाडकी.” मी हो म्हणायचे. रोज सकाळी वाडी उतरताना ठरवायचे, आज सांगायचं की सर, मला असं म्हणू नका. सर समोर आले की तोंडातून निघायचं, “हो सर.” सांगितलं आणि सर दुखावले तर? त्यांचा शब्द गेला तर मुंबई गेली. मग जन्मभर इथेच, या डोंगराच्या पायथ्याशी.

दिवाळी झाल्यावर सरांनी चर्चासत्र ठरवलं. कथेतली प्रतीकं आणि आदिवासी स्त्री, असा विषय. जागा म्हणजे खालापूरच्या बाजूचं, लोधिवलीच्या पुढचं एक फार्महाऊस. मुंबई-पुण्याची समीक्षक मंडळी येणार होती. सर त्या काटीवरच निबंध वाचणार होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गाडीने आमच्या वाडीवर आणणार होते. ढोल, नाच, नाचणीची भाकर. ते सगळं जुळवायचं काम माझ्याकडे.

“आणि तू व्यासपीठावर उभी राहायचंस,” सर म्हणाले. “लुगडं, गुडघ्यापर्यंत नेसलेलं. हातात खरी काटी. बोलायचं काही नाही. तुझं मौनच बोलेल.”

“किती वेळ, सर?”

“माझं वाचून होईपर्यंत.”

“हो सर.”

चर्चासत्राच्या दिवशी आई उजाडताच गवत कापायला गेली होती. भात निघालं की माळावरच्या गवताचं काम सुरू होतं. मी तिचं लुगडं नेसले, वर शाल घेतली. निघताना सवयीने दाराला काटी लावली. चार पावलं गेल्यावर आठवलं की सरांसाठी काटी तोडायची राहूनच गेली. घाई होती. मागे वळले, दाराचीच काटी काढली आणि तीच घेऊन निघाले.

फार्महाऊसच्या हॉलला काचेच्या भिंती होत्या. बाहेर पोहायचं निळं पाणी. मला गालिच्यावर, खांबाच्या बाजूला उभं केलं. शाल काढून ठेवायला सांगितली. गार झुळूक यायची आणि उघड्या पोटऱ्यांवर काटा उभा राहायचा. काटीची वाळकी पानं गालिच्यावर गळत होती. सर वाचत होते. मी समोर कुठेतरी बघत होते, कारण कुणाच्या डोळ्यांत बघायचं नाही, असंही सरांनी सांगितलं होतं.

वाचता वाचता ते म्हणाले, “एका आदिवासी विद्यार्थिनीचा निरागस प्रतिसाद असा, की काटी बाहेरून लावलेली आहे. या निरागसतेतच एक आदिम जाणीव दडलेली आहे.” लोकांनी माना डोलावल्या. मी विचारलेला प्रश्न. त्याला निरागस म्हणून गंध लावला आणि आपल्या निबंधात बसवून टाकला. उत्तर मात्र दिलंच नाही. माझे कान तापले. हातातली काटी तळव्याला टोचत होती आणि मी ती घट्ट धरून ठेवली होती.

निबंध संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी विचारलं, “पण मग ती स्त्री शेवटी आहे कुठे?”

सरांनी माझ्याकडे हात केला. “ती इथे आहे.”

तेव्हा माझं तोंड उघडलं. वर्गातलं मराठी नाही आलं, घरचं आलं.

“ती नाय हितं. काटी भायेरनं लावलीय. ती गेली कामाला.”

सर क्षणभर चपापले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. सर खुलले. म्हणाले, “बघा, हे ठरलेलं नव्हतं हं! मौनाला वाचा फुटते ती अशी.”

मी काटी खाली ठेवली आणि चालू लागले. टाळ्या वाढल्या. दारात एक गृहस्थ आडवे आले. “काटी टाकून निघालीस, फार सूचक होतं.”

“मी घरी चाललेय,” मी म्हटलं.

“तेच, तेच,” ते म्हणाले.

व्हरांड्यात आले तेव्हा आठवलं, काटी घराची आहे, दाराला लागेल. ती आणायला परत आत गेले, तर पुन्हा टाळ्या. हसावं की रडावं कळेना. गप्प राहिले तर अर्थ, बोलले तर अर्थ, निघून गेले तर त्याहून मोठा अर्थ. त्या हॉलमध्ये मी काहीही केलं असतं तरी मी काही केलं असं कुणी म्हटलं नसतं. मला तिथल्या काचांवर डोकं आपटावंसं वाटलं. पण तेही त्यांनी वहीमध्ये टिपून घेतलं असतं.

चौक गावातून टमटम धरली. ड्रायव्हर म्हणाला, “काटी भायेर धर गं बाय, सीट फाटंल माजी.” दिवसभरात त्या काटीविषयी कुणी बोललेलं पहिलं धड वाक्य.

घरी आले तर आई उंबऱ्यावर बसलेली, डोक्याला हात लावून. आत जमिनीवर लेंड्याच लेंड्या. वालाची टोपली पालथी. भात कापून झालं की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरतो. पेरायला ठेवलेलं बियाणं होतं ते. दार उघडं बघून बकऱ्या शिरल्या आणि बियाण्याचा फडशा पाडून गेल्या.

“काटी कुनी काढली?” आई म्हणाली.

“मी. सरांना पायजे व्हती.”

“सरांच्या घराला दार नाय?”

ती उठली आणि मातीतून एकेक दाणा वेचायला लागली. मीही बसले वेचायला. लुगड्याचा काष्टा अजून तसाच वर खोचलेला. थोड्या वेळाने तिने विचारलं, “तितं काय केलंस गं?”

“उबी व्हते.”

“उबी राहून काय झालं?”

टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती, काय झालं म्हणून. आणि मला सांगता येईना. सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. मी उभी नसते तरी सरांनी तेच वाचलं असतं, लोकांनी त्याच माना हलवल्या असत्या. झालं ते इथे झालं होतं, माझ्या घरात. दारातली काटी हलली आणि पेरणी बुडाली. मी तशीच मातीत बसून रडले. आईला वाटलं वालासाठी रडते. म्हणाली, “रडू नको, मामीकडनं मागून आनू बियाणं.”

डोळे पुसले आणि म्हटलं, “आई, उद्या सगळ्यांना कामाला जाऊ दे. वाडीत कुनी थांबायचं नाय.”

“आगं, तूच तर सांगितलंस थांबा म्हनून. पावणे येनार. ढोल काढून ठेवलाय.”

“ठेव परत. कुनी नाचायचं नाय, कुनी उबं राहायचं नाय.”

आईचे हात थांबले. “आन मुंबई?”

ती हे विचारणार, हे मला माहीत होतं. मुंबई माझ्यापेक्षा तिला जास्त हवी होती. तिच्यासारखा विळा माझ्या हातात येऊ नये, एवढ्यासाठी तिने मला आश्रमशाळेत टाकलं होतं.

“गेली तर गेली,” मी म्हटलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. फक्त पुन्हा तसं उभं राहणं माझ्याने होणार नव्हतं, बस.

आईने ढोल उचलून माळ्यावर सरकवला आणि शेजारच्या घरी सांगायला गेली.

मी सरांना फोन लावला. “सर, उद्या येऊ नका. वाडीत कुणी नसेल.”

“असं कसं? मंडळी खास थांबलीत.”

“मीही नसेन, सर.”

“तू नसलीस तर कसं चालेल? अगं, तू काही करूच नकोस. नुसती उभी राहा.” मग आवाज आणखी मऊ झाला. “वसतिगृहाच्या बाईंशी याच आठवड्यात बोलणार आहे मी. लक्षात आहे ना?”

धमकी म्हणून नाही बोलले ते. नेहमीच्याच मायेने बोलले. मायेनेच गळा आवळला जात होता, इतके महिने.

“लक्षात आहे,” मी म्हटलं. “आम्ही काटी लावून जाणार आहोत.” आणि फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तोंडून “हो सर” निघालं नाही.

सकाळी वाडी कामाला निघाली. ज्यांच्याकडे कुलपं होती त्यांनीही आईच्या सांगण्यावरून काट्या लावल्या. आमच्या दाराला मी लावली, तीच, गालिच्यावरून परत आलेली. वरच्या माळावर आम्ही गवत कापत होतो तेव्हा खाली पांढरी गाडी थांबली. माणसं चढून वाडीत आली आणि बंद दारांसमोर उभी राहिली. पाण्याच्या बाटल्या काढल्या, घाम पुसला, फोटो काढले. सर या दारापासून त्या दारापर्यंत फिरत होते. मग त्यांनी मला नावाने हाक मारली. मोठ्याने. वनकन्या नाही, माझं नाव. गरज पडल्यावर बरोबर आठवलं.

“बोलावतात गं,” आई म्हणाली.

“बोलावू दे.” मी विळा चालवत राहिले.

उन्हं चढली तशी मंडळी उतरून गेली.

पुढच्या तासाला सर म्हणाले, “उभी राहून सांग, त्या दिवशी काय झालं.” मी बसूनच म्हटलं, “काम होतं, सर.” वर्ग हसला नाही. सरांनी पुस्तक उघडलं.

काही महिन्यांनी एका मासिकात सरांचा लेख आला. सोबत आमच्या दाराचा फोटो. बंद दारांमागचं मौन, असं काहीसं लिहिलं होतं. दारामागे कुणीही नव्हतं. सगळे माळावर होतो, गवत कापत, बडबडत. सरांना पुन्हा ती बाई आतच बसलेली दिसली. अर्थ लावायला मी कुणाला अडवू शकत नाही. पण त्या दिवशी ढोल वाजला नाही, नाच झाला नाही, सरांचा कार्यक्रम मोडला. तो आमच्यामुळे मोडला, एवढं कुणालाही नाकारता येणार नाही.

वसतिगृहाच्या बाईंशी सर बोललेच नाहीत. रागावून नव्हे. विसरले, त्या दिवशी मला बस म्हणायचं विसरले होते तसंच. मुंबई हुकली. आईने मला एकदाही बोलून दाखवलं नाही, पण मुंबईची गाडी दिसली की ती दुसरीकडे बघते आणि ते मला सलतं. मी कर्जतला एका झेरॉक्सच्या दुकानात बसते, एम.ए. बाहेरून करते. काउंटर आणि मशीन यांच्यामध्ये मला वळायलाही जागा नाही. सुटले, असं मी म्हणणार नाही. सर कधी झेरॉक्स काढायला येतात. “काय वनकन्ये?” म्हणतात. मी माझं नाव सांगते. पुन्हा आले तर पुन्हा सांगते.

दुकान बंद झालं की मी लिहायला बसते. त्या जुन्या कथेचा शेवट जिथे आहे, तिथून सुरुवात केली आहे. कारकून दाराशी उभा आहे. त्याला मी तिथेच सोडला. ती बाई बहिणीबरोबर घाट उतरते आहे, डोक्यावर बोचकं. पुढच्या पानावर ती मुकादमाशी भांडणार आहे. काटा रुतला तर तिच्या पायात रुतेल आणि तो तिचा तीच काढेल. ती चुकेल, फसेल, कुणाला तरी फसवेलही. वाचणाऱ्याला तिच्यात जंगल दिसलं तर दिसो, माती दिसली तर दिसो. पण तिला काढून टाकलं तर गोष्ट एक पाऊल पुढे जाणार नाही, अशीच मी ती लिहिणार आहे. नुसती उभी मी तिला कुठेही करणार नाही. आणि मला कुणी केलं, तर मी बसून घेईन.